यंत्राचा शेर आणि परत घ्यावीशी वाटणारी दाद

नागपूरच्या गझलेच्या बैठकींत सध्या एक विषय हमखास तापतो. कुणी शेर ऐकवतो, 'क्या बात है' अशी दाद मिळते आणि मग तो सांगतो, हा चॅटजीपीटीचा आहे. दाद देणाऱ्याचा चेहरा पडतो. या शहरात ते जास्तच लागतं. सुरेश भट इथे राहत. नवख्यांना गझलेच्या नियमांची पुस्तिका पाठवत, पत्रांतून त्यांना घडवत. रदीफ-काफिया, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा येणारे शब्द आणि त्यांच्याआधीचं यमक, इथले अनेकजण असे माणसाकडून शिकले.

यंत्राच्या लेखनाला पहिली दाद मात्र हसून मिळाली. १९५२ साली क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून प्रेमपत्रं लिहून घेतली. वाक्यांचे साचे ठरलेले. त्यांत यादीतली लाडिक विशेषणं वाटेल तशी उचलून भरायची. खाली सही 'एम. यू. सी.', म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण कुणी फसतच नव्हतं.

फसणं आलं १९६६ साली. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांचा 'एलायझा' हा प्रोग्रॅम समोरच्याचंच बोलणं प्रश्न करून परत द्यायचा. आईचा विषय निघाला, की घरच्यांबद्दल आणखी सांगा म्हणायचा. तो कसा तयार झाला हे वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने कित्येक महिने पाहिलं होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलणं होताच तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. तिची भावना अगदी खरी होती. ती ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले, की पुढे त्यांनी या मोहाविरुद्ध पुस्तकच लिहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न पोटापाण्याचा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला यंत्रलिखित कथांच्या लोंढ्यामुळे नवं साहित्य घेणं काही काळ थांबवावं लागलं. मे महिन्यात हॉलिवूडचे लेखक संपावर गेले; यंत्राच्या लेखनाला आवर घाला, हीही त्यांची एक मागणी होती.

२०२४ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचकांपुढे नामवंतांच्या आणि यंत्राच्या कविता ठेवल्या. वाचकांना फरक ओळखता आला नाही, उलट यंत्राच्या कविता जास्त आवडल्या. पण कविता यंत्राची आहे असं आधी सांगितलं, की गुण घसरत. काहींना हा वाचकाचा दुटप्पीपणा वाटतो, मला नाही. दाद शब्दांना असते तशी ते सोसून लिहिणाऱ्यालाही असते, आणि तो कोण हे कळण्याचा वाचकाला हक्क आहे.

हॉलिवूडच्या संपानंतर झालेल्या करारात, लेखकाला यंत्राने लिहिलेला मजकूर दिला तर तसं सांगणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. आपल्याकडे दिवाळी अंकांच्या संपादकांनी आणि मुशायऱ्यांच्या आयोजकांनी साहित्य मागवतानाच ही अट घालावी.