छापील सही आणि हाताची सही: बॅट, फोटो, स्कोअरकार्ड घेण्याआधी

सही खरी आहे का हे बघायचं म्हटलं की बहुतेक जण आधी मोबाइल काढतात. नेटवर त्या खेळाडूची सही शोधतात, दोन्ही शेजारी धरतात आणि वळणं जुळवतात. फसगत होते ती नेमकी इथेच. छापील सही मुळात खऱ्या सहीवरूनच उतरवलेली असते, त्यामुळे तिचं वळण चुकतच नाही. म्हणून ‘सही कोणाची’ हा प्रश्न दुसरा. आधी हे ठरवायचं की ही शाई पेनातून उतरली आहे की छपाईतून.

छापील सही म्हणजे लबाडीच, असं मुळीच नाही. बॅटच्या स्टिकरवर खेळाडूची सही छापायची पद्धत जुनी आहे. अख्ख्या संघाच्या सह्या छापलेल्या छोट्या बॅटी आठवण म्हणून राजरोस विकल्या जातात. घोळ होतो तो पुढे. हीच बॅट दहा-पंधरा वर्षांनी माळ्यावरून निघून जुन्या बाजारात येते आणि तिथे तिची ‘सही केलेली बॅट’ होते. विकणाऱ्यालाही अनेकदा फरक ठाऊक नसतो.

फरक ओळखायला दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग पुरतं. पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी अवजारं विकणाऱ्यांकडे विचारा. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू डोळ्याकडे आणायची. लांबून धरलं तर काहीच स्पष्ट दिसत नाही.

कागदावर किंवा कार्डावर काय दिसतं ते नीट पाहा. रंगीत ऑफसेट छपाई असेल तर बहुतेकदा रेघ म्हणजे रेघ नसतेच, निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नक्षी असते. इंकजेटमध्ये ठिपके विस्कटलेले असतात आणि रेघेच्या कडेला एखादा पिवळा-गुलाबी कण सांडलेला सापडतो. लेझर प्रिंटची पूड कागदात मुरत नाही, वर बसते; तिला चमक असते आणि आजूबाजूला बारीक काळे कण उडालेले असतात. पेनाची रेघ मात्र सलग असते. बॉलपेनाने कागदावर खाच पडते, रेघेच्या आत लांबट पांढुरकी चीर दिसते आणि वळणानंतर शाईचा छोटा गोळा साठतो. स्केचपेन किंवा मार्कर जिथे थांबतो तिथे डाग गडद होतो. जिथे रेघ स्वतःलाच ओलांडते तिथे शाई दोनदा पडते, म्हणून तो छेदही गडद. रंगीत छपाईत हा गडदपणासुद्धा हुबेहूब उतरतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. तो गडदपणा ठिपक्यांचा आहे की शाईचा, हे भिंगच सांगतं.

फोटोच्या बाबतीत भिंगापेक्षा तिरपा उजेड कामाचा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च फोटोच्या जवळजवळ समांतर धरा आणि फोटो हळूहळू फिरवा. पेनाने केलेली सही असेल तर फोटोची चकाकी शाईपाशी तुटते. काळ्या मार्करवर तर बऱ्याचदा जांभळट झाक उठते. चकाकी सहीवरून अखंड पुढे जात असेल तर सही फोटोच्या आतच आहे. आधी एका प्रतीवर सही घेऊन तिच्यावरून पुढच्या प्रती काढल्या, की असं होतं.

बॅटवर आधी सही नेमकी कशावर आहे ते नखाने चाचपा. पातळ पारदर्शक स्टिकरची कड नखाला लागते. उघड्या विलोवर मार्करची शाई लाकडाच्या रेषांमधून पसरते, त्यामुळे कडेला बारीक केसांसारखे फाटे फुटतात. बॅटला आधी तेल पाजलेलं असेल तर सही फुगलेली, धूसर दिसते, आणि तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नये. छपाईला असे फाटे नसतात. रेघेची जाडी आणि रंग पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा.

एक काम कधीच करू नका: थुंकी, स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव लावून शाई ‘उतरते का’ बघणं. खरी सही उतरून गेली की हाती काहीच राहत नाही. शिवाय लेझरची पूडही नेलपॉलिशच्या द्रवाने सुटते, म्हणजे त्यातून निकालही लागत नाही.

शाई पेनाचीच निघाली, की मग वळणाकडे वळायचं. आता प्रश्न दुसऱ्याच्या हाताचा. स्वतःची सही माणूस झपाट्याने करतो. पेन कागदाला टेकायच्या आधीच हात हललेला असतो, म्हणून सुरुवात आणि शेवट निमुळता. नक्कल करणारा चित्र काढतो. त्याची रेघ थरथरते, सुरुवातीला बोथट ठिपका पडतो, मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याचा सांधा दिसतो. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: एकाच माणसाच्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. नेटवरच्या नमुन्यावर तुमची सही रेघेला रेघ बसली, तर ती आनंदाची नव्हे, संशयाची जागा आहे.

संघाच्या बॅटवर मांडणी बघा. पंधरा जण एकामागून एक सही करतात तेव्हा पहिले ऐसपैस जागा घेतात, शेवटचे कोपऱ्यात दाटीवाटीने. मार्कर सुकत जातो, कोणी बॅट उलटी धरून सही करतो. सगळ्या सह्या सारख्या अंतरावर, सारख्या तिरक्या असतील तर एकच हात किंवा छपाई. त्या सामन्याचा संघ काढून नावंही ताडून बघा.

जुन्या वस्तूंना काळाची चाचणी लावता येते. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचे फलंदाज भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. त्या सामन्याच्या स्कोअरकार्डावर ‘त्याच दिवशी घेतलेली’ मार्करची सही कोणी दाखवली, तर ती गोष्ट खोटी आहे, कारण सहीला वापरतात तसे बारीक टोकाचे मार्कर बाजारात आले ते १९६० च्या दशकात. पण सही मात्र खरी असू शकते: निंबाळकर २०१२ पर्यंत हयात होते, आणि जुन्या कार्डावर उतारवयात सही घेणारे असतातच. इथे गोष्ट आणि सही वेगवेगळी तपासायची, आणि किंमतही त्याप्रमाणे ठरवायची. कागदासाठी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च वापरा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५० नंतर रुळली, तेव्हा १९३२ चा म्हणून दाखवलेला कागद अंधारात या टॉर्चखाली निळाशार चमकला तर तो तितका जुना नाही.

सोबतचं प्रमाणपत्र आणि होलोग्राम बघा, त्यावरचा नंबर देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शोधा आणि तिथल्या फोटोतली वस्तू हीच आहे का हे ताडा. होलोग्राम एका वस्तूवरून काढून दुसरीवर चिकटवता येतो.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून दोन फोटो आवर्जून मागा: एक तिरप्या उजेडात काढलेला, आणि एक जिथे रेघ स्वतःला ओलांडते त्या जागेचा, अगदी जवळून. समोरून काढलेल्या फोटोत छापील आणि हाताची सही सारखीच दिसते.