ज्युनिअर फॉरवर्डचा निरीक्षण-अहवाल: आम्ही काय पाहतो आणि तुम्ही तो कसा वाचावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

आम्ही सामन्यांचे चित्रण पाहून आइस हॉकीतल्या (बर्फावरच्या हॉकीतल्या) ज्युनिअर फॉरवर्डच्या खेळावर अहवाल लिहितो. हे पत्रक दोन प्रकारच्या पालकांसाठी आहे. एक, ज्यांची मुले-मुली नागपुरात सिमेंटच्या रिंकवर इनलाइन (चाकांच्या स्केटवरची) हॉकी खेळतात आणि बर्फावर जायची तयारी करत आहेत. दुसरे, ज्यांचे भाचे-पुतणे कॅनडा-अमेरिकेत ज्युनिअर गटात खेळतात आणि सामन्यांचे चित्रण इकडे पाठवतात. अहवाल हाती पडण्याआधी हे वाचलेत, तर त्यातले शेरे नीट कळतील.

नागपुरात हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांपुढे येते, म्हणून आधी थोडे फरक. बर्फावर एका वेळी एका संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर असतात. पाचांपैकी तिघे फॉरवर्ड: मध्ये सेंटर, दोन बाजूंना विंगर. उरलेले दोघे डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. सामना २० मिनिटांच्या तीन पिरियडचा, पण फॉरवर्ड सलग खेळत नाही. ४०-५० सेकंदांच्या शिफ्टमध्ये जीव तोडून पळतो आणि बाकावर येतो. मैदानी हॉकीतला ऑफसाइड १९९० च्या दशकात निघून गेला. इथे तो निळ्या रेषेवर, म्हणजे आक्रमणाचा भाग सुरू होतो तिथे, कायम आहे. आणि मैदानी हॉकीची स्टिक सगळ्यांची उजवीच असते, तर इथे डावी आणि उजवी दोन्ही चालतात. हा शेवटचा फरक लहान वाटतो, पण विंगरच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. त्याबद्दल पुढे.

आमचा एक नियम आहे: कारण लिहिल्याशिवाय उणीव लिहायची नाही. ‘स्केटिंग कमी पडते’ असा शेरा घेऊन पालक काय करणार? प्रशिक्षकाकडे जाऊन तोच शेरा पुन्हा ऐकणार. म्हणून अहवालात प्रत्येक उणिवेपुढे तीन गोष्टी असतात: ती कोणत्या प्रसंगी दिसली, किती वेळा दिसली, आणि मूळ कुठे आहे. मूळ शरीरात असेल, सवयीत असेल, नजरेत असेल, नाहीतर सरळ सामानात.

सामानापासून सुरुवात

पालकांना हे ऐकून नवल वाटते, पण मुलाच्या उणिवा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही गोष्टी दुकानात विकत घेतलेल्या असतात.

स्केटचा बूट ‘वाढत्या अंगाचा’ घ्यायची आपली जुनी सवय इथे नडते. हॉकीचा स्केट साधारणपणे नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान बसतो. सैल बुटात टाच उचलली जाते, घोटा आत कलतो आणि वळताना पाते बर्फात धरतच नाही. चित्रणात हे ‘एज (पात्याची कड) कमकुवत’ असे दिसते. इनलाइन स्केटलाही हेच लागू आहे.

पात्याच्या तळाला एक खोलगट खाच घासलेली असते. अर्धा इंच त्रिज्येची खाच सर्वसाधारण मानतात. त्रिज्या लहान केली की पाते जास्त धरते पण घसरण कमी होते. मोठी केली की उलट. वजनदार मुलाला लहान त्रिज्येची खाच दिली तर तो बर्फात रुततो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिरियडमध्ये पाय जड पडतात. पाते बोथट असेल तर थांबताना घसरतो. म्हणून चित्रणासोबत धार शेवटची कधी लावली आणि खाच कितीची, हे कळवा. माहीत नसेल तर धार लावणाऱ्याला विचारा. तो नोंद ठेवतो.

स्टिकवर फ्लेक्सचा आकडा छापलेला असतो. स्टिक एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, तो हा आकडा. ढोबळ हिशेब असा की खेळाडूचे वजन पौंडात काढून निम्मे करायचे. ६० किलोचा मुलगा म्हणजे सुमारे १३२ पौंड, त्याला ६५ च्या आसपासची स्टिक. मोठ्या भावाची ८५ ची स्टिक कापून दिली, तर ती आखूड झाल्यामुळे आणखी ताठ होते. मग मुलगा स्टिक वाकवू शकत नाही, मनगटाच्या जोरावर पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) ढकलतो, आणि ‘शॉटमध्ये दम नाही’ असा शिक्का बसतो. लांबीसाठी खूण सोपी: स्केट घालून उभे राहिल्यावर स्टिक हनुवटीच्या आसपास यावी.

स्केटिंग: एकच शेरा, चार आजार

सामान ठीक असेल तर मग शरीराकडे वळतो. ‘हळू आहे’ या दोन शब्दांखाली निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली, पहिली तीन पावले. थांबलेल्या अवस्थेतून निघताना मुलगा सरळ उभा असेल, गुडघे वाकलेले नसतील, तर ढकलायला जागाच उरत नाही. बाजूने घेतलेल्या चित्रणात गुडघा बुटाच्या टोकाच्या पुढे येतो का ते पाहतो. दुसरी, पाय मागे ढकलून झाल्यावर शरीराखाली परत न येणे. तो बाहेरच पडला की पुढचा धक्का अर्धा होतो. पावले भराभर दिसतात पण अंतर कापले जात नाही. प्रेक्षकांना हा मुलगा मेहनती वाटतो. तिसरी, वळणात वेग गमावणे: सरळ रेषेत ठीक, पण डाव्या किंवा उजव्या एकाच बाजूला क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणे) घेताना पाय अडखळतो. आणि चौथी, स्केटिंगची नव्हेच: मुलगा उशिरा निघतो, कारण पक कुठे जाणार हे त्याला उशिरा कळते. पायांवर मेहनत करून ही चौथी सुधारत नाही. चारही दूरवरून सारख्याच दिसतात, म्हणून शिफ्टच्या सुरुवातीचे आणि शेवटचे दहा-दहा सेकंद आम्ही वेगळे पाहतो. सुरुवातीलाही दोष दिसला तर तंत्र. फक्त शेवटी दिसला तर दम, किंवा शिफ्ट फार लांबवण्याची सवय.

हा भेद किती महत्त्वाचा, याची दोन उदाहरणे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली आहेत. ल्यूक रोबिताय याची १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणे) थेट १७१ व्या क्रमांकावर निवड झाली. स्केटिंग मंद, हा मुख्य आक्षेप होता. तो पुढेही वेगवान म्हणून कधी ओळखला गेला नाही, पण गोलसमोरची जागा आणि फटका यांवर त्याने ६६८ गोल केले. ब्रेडन पॉइंटची २०१४ मध्ये ७९ व्या क्रमांकावर निवड झाली तेव्हा अंगाने लहान असण्याबरोबर त्याच्याही स्केटिंगवर बोट ठेवले गेले होते. त्याने पेअर स्केटिंगची माजी जगज्जेती बार्बरा अंडरहिल हिच्याकडे तंत्रावर काम केले, आणि २०२० व २०२१ मध्ये टँपा बे संघाच्या स्टॅनली कप (एनएचएलचे विजेतेपद) विजयांत तो आघाडीचा गोल करणारा होता. शेरा तोच, एकाने त्याला वळसा घातला, दुसऱ्याने तो दुरुस्त केला.

बोर्डाजवळचा पक

एखाद्या विंगरचे एकच दृश्य पाहायची मुभा असेल, तर आम्ही हे निवडू. स्वतःच्या भागात डिफेन्समन कडेच्या बोर्डावरून (रिंकभोवतीच्या कठड्यावरून) पक सरकवतो, विंगर तो घ्यायला येतो, आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्समन त्याच्यावर चालून येतो. पुढच्या दीड-दोन सेकंदांत जे होते त्यात नजर, हात, पाय, धाडस सगळे उघडे पडते.

नीट जमते तेव्हा असे दिसते: पक येण्याआधी विंगर निदान एकदा खांद्यावरून मागे पाहतो, पाठ किंवा पार्श्वभाग बोर्डाकडे ठेवतो म्हणजे छाती खेळाकडे राहते, पाय चालू ठेवतो, आणि वेळ नसेल तर पक बोर्डावरून थोडा पुढे टाकून सेंटरला धावायला देतो.

चुकते तेव्हा तो बोर्डाकडे तोंड करून उभा राहतो, पाय थांबलेले असतात, आणि पक हाती येताच आंधळेपणाने मध्ये फेकतो. मध्ये फेकलेला पक म्हणजे थेट आपल्या गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला दिलेली संधी.

आता कारण. मागे पाहिलेच नसेल तर सवय. ही सरावाने लवकर सुधारते. पाहिले पण तरीही घाबरून फेकला, तर धडकेची भीती. कॅनडात १३ वर्षांखालच्या गटात २०१३ पासून बॉडी चेकिंगला (अंगाने धडक देण्याला) बंदी आहे, त्यामुळे त्यावरच्या गटात नुकत्याच आलेल्या मुलात ही भीती स्वाभाविक आहे. तिला भित्रेपणा म्हणणे अन्याय ठरेल. तिसरे कारण स्टिकच्या हाताचे. डाव्या स्टिकचा मुलगा उजव्या विंगला खेळत असेल तर बोर्डावरून येणारा पक त्याच्या बॅकहँडवर (स्टिकच्या उलट्या बाजूवर) येतो आणि घेणे अवघड जाते. तोच मुलगा आक्रमणात मात्र आतल्या बाजूने फटका मारायला सोयीचा असतो. म्हणजे उणीव त्याची नाही, जागेची आहे, आणि ती बदलायची की नाही हा प्रशिक्षकाचा हिशेब.

गोल आणि गुण

बर्फावरच्या हॉकीत एका गोलमागे दोघांपर्यंत असिस्ट (गोलआधीच्या पासचे श्रेय) मिळतात, आणि गोल अधिक असिस्ट म्हणजे खेळाडूचे गुण. ३० गुण ऐकायला छान वाटतात. आम्ही ते फोडतो: पाचास पाच खेळताना किती, प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दंडावर असताना पॉवर प्लेमध्ये किती, पहिला असिस्ट किती, दुसरा किती. आणि फटके कुठून मारले ते रिंकच्या नकाशावर ठिपक्यांनी दाखवतो. कमकुवत गोलकीपरवर बाजूच्या कोनातून झालेले गोल वरच्या गटात आटतात. दोन फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणे) वर्तुळांच्या मधल्या भागातून, गर्दीतून केलेले टिकतात.

निळी रेषा ओलांडताना पक ताब्यात ठेवला की आत फेकून मागे धावला, हेही मोजतो. एनएचएलच्या सामन्यांवरील विश्लेषणात ताब्यातल्या प्रवेशातून जवळपास दुप्पट फटके मिळतात असे आढळले आहे. पण बाकावरूनच ‘फेका आणि धावा’ असा हुकूम असेल तर मुलाला दोष देऊन उपयोग नाही, म्हणून संघाची पद्धत आधी समजून घेतो.

सेंटरच्या फेसऑफच्या टक्केवारीवर एका सामन्यावरून काही बोलत नाही. १२ पैकी ८ जिंकले, यात योगायोगच जास्त.

पक नसताना फॉरवर्ड परत बचावाला येतो का, हे पाहताना नुसते ‘आला’ पुरत नाही. रिंकच्या मधून येतो की कडेने वळसा घेत, स्टिक पासच्या वाटेत ठेवतो की हवेत, आपला माणूस धरतो की पककडे बघत राहतो, हे लिहितो.

वय आणि अंग

कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, आणि १४ व्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे कधीकधी १० सेंटीमीटर उंची. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे प्रमाण निवड झालेल्या संघांत जास्त असते, हे कॅनडातील अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले. म्हणून जन्ममहिना कळवा. तसेच गेल्या सहा-आठ महिन्यांत उंची किती वाढली तेही. अचानक उंच झालेल्या मुलाचे पाय काही काळ त्याचे ऐकत नाहीत; त्या काळातला अहवाल आम्ही ‘तात्पुरता’ असे नमूद करूनच देतो.

इनलाइन खेळणाऱ्यांसाठी

इनलाइनमध्ये एका बाजूला चार खेळाडू आणि गोलकीपर असतात, आणि बॉडी चेकिंगला परवानगी नसते. जागा जास्त मिळते, म्हणून पक सांभाळण्याचे हात चांगले तयार होतात आणि ते बर्फावर कामी येतात. थांबणे मात्र नव्याने शिकावे लागते: चाक बर्फाच्या पात्यासारखे आडवे घसरत नाही. त्यामुळे इनलाइनच्या चित्रणावरून थांबणे आणि एज यांवर आम्ही शेरा देत नाही, ती जागा अहवालात मोकळी असते. बर्फावरचे चित्रण हवे असेल तर देशात लडाखचा हिवाळी हंगाम आणि डेहराडूनचे बंदिस्त रिंक हे पर्याय आहेत.

चित्रण कसे घ्यावे

तीन ते पाच सामने पाठवा. त्यांत एक बलाढ्य संघाविरुद्धचा, एक लागोपाठच्या दुसऱ्या दिवशीचा असावा. ८-० अशा एकतर्फी सामन्यातून फारसे कळत नाही. निवडक झलकांची क्लिप नको. तिच्यात मुलगा कधीच चुकत नाही. थेट प्रक्षेपणाची लिंकही टाळा, कारण ते कॅमेरे पकच्या मागे फिरतात आणि आम्हाला हवा असलेला मुलगा चौकटीबाहेर राहतो.

कॅमेरा मध्यरेषेजवळ, जितका उंच ठेवता येईल तितका ठेवा. निदान अर्धे रिंक चौकटीत असावे, झूम करू नये. पांढऱ्या बर्फामुळे मोबाइलचा कॅमेरा फसतो आणि खेळाडू काळपट येतात. बर्फावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडे वाढवा. दिवे लुकलुकताना दिसत असतील तर शटर कॅनडात १/६० किंवा १/१२०, भारतात १/५० किंवा १/१०० ठेवा. दोन्हीकडच्या विजेची वारंवारता वेगळी आहे. मुलाचा जर्सी क्रमांक, स्टिकचा हात आणि तो कोणत्या जागी खेळला हे फाइलच्या नावातच लिहा.

टोरोंटोतला संध्याकाळी ७ चा सामना हिवाळ्यात इथे पहाटे ५:३० ला सुरू होतो. घाई करून अर्धवट फाइल पाठवू नका, पूर्ण अपलोड झाल्यावरच कळवा.

चित्रणात इतरांचीही अल्पवयीन मुले असतात. क्लब आणि रिंकची परवानगी घेऊनच चित्रण करा. आमच्याकडून फाइल दुसऱ्या कोणाला दिली जात नाही.

स्वभाव, शिस्त, ड्रेसिंग रूममधले वागणे यांवर चित्रणावरून शेरा मिळणार नाही, आणि कोणत्या संघात निवड होईल याचे भाकीतही नाही. अहवालातला एखादा मुद्दा प्रशिक्षकाला पटला नाही, तर त्या मुद्द्यासमोर दिलेल्या मिनिट-सेकंदांवर जाऊन दृश्य दोघांनी एकत्र पाहावे आणि त्यांचे म्हणणे आम्हाला लिहून कळवावे. संघाची आखणी त्यांना माहीत असते, आम्हाला नाही. त्यांचे कारण पटले तर शेरा दुरुस्त करून सुधारित प्रत पाठवतो.