दुधापलीकडचे नाते : अटॅचमेंट सिद्धांताची पार्श्वभूमी

मुलांना कुशीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी भेटलात तर हस्तांदोलन करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पालकांना हा सल्ला दिला, आणि तो शास्त्र म्हणून वाचला गेला. वॉटसन यांच्यासारखे वर्तनवादी, म्हणजे फक्त दिसणाऱ्या वागण्याचा अभ्यास करणारे, आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे अनुयायी यांचे एरवी पटत नसे. पण आई भूक भागवते म्हणून मूल तिच्याकडे ओढले जाते, हे दोघांनाही मान्य होते.

या समजाला तडा गेला तो आईपासून तुटलेल्या मुलांमुळे. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दोन संस्थांमधल्या बाळांची तुलना मांडली. अनाथालयात अन्न आणि स्वच्छता असूनही मुले खंगत होती, दगावत होती. तुरुंगातल्या पाळणाघरात आईच्या हातून वाढणारी बाळे मात्र धडधाकट होती.

तेव्हा ब्रिटनच्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलांना फार थोडा वेळ भेटू देत. मूल रडायचे थांबले की ते ‘रुळले’ असे परिचारिका समजत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणारे जेम्स रॉबर्टसन यांना त्या शांततेत हताशपणा दिसला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल असलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यांनी चित्रण केले. १९५२ मध्ये ते पाहून अनेक डॉक्टर संतापले. पण रुग्णालयांतल्या मुलांचा विचार करणाऱ्या १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मुलांना केव्हाही भेटू द्यावे, अशी शिफारस केली. या इतिहासात रॉबर्टसन यांना मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

त्यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या निरीक्षणांना अटॅचमेंटच्या, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातल्या भावबंधाच्या, सिद्धांताचे रूप दिले. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या अभ्यासातली हंसाची पिल्ले, कोणी भरवत नसतानाही, जन्मानंतर दिसलेल्या पहिल्या हलत्या जिवामागे जात. त्यावरून बोल्बी यांनी १९५८ मध्ये मांडले, की बाळाचे बिलगणे ही जगण्यासाठीची उपजत प्रेरणा आहे. त्याच वर्षी हॅरी हार्लो यांचे माकडांवरचे प्रयोग गाजले : दूध तारेच्या ‘आई’कडे असले, तरी पिल्ले बहुतेक वेळ मऊ कापडाच्या ‘आई’ला चिकटून राहत. आईविना वाढवलेल्या त्या पिल्लांचे हाल मात्र विसरता येत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात, मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन निरीक्षणे केली. आई खोलीतून गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याशी कसे वागते, हे त्यांना अधिक बोलके वाटले. सुरक्षित आणि असुरक्षित भावबंध ही वर्गवारी त्यातूनच आली.

सगळा भार आईवर टाकणे मात्र चुकीचे होते. ग्लासगोमधल्या ६० बाळांच्या १९६४ च्या अभ्यासात अनेकांचा लळा वडील, आजी अशा एकाहून अधिक माणसांना लागलेला दिसला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये आईपासूनचा विरह आणि मुळात कोणाशीच नाते न जुळणे यांतला फरक दाखवला. रोमानियातल्या बुखारेस्टमधल्या अनाथालयांतील मुलांवर २००० साली सुरू झालेल्या अभ्यासातही, साधारण दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात, म्हणजे परक्या मुलाला सांभाळणाऱ्या घरी, गेलेल्या मुलांचे भावबंध अधिक चांगले जुळले. त्यांना सांभाळणारी माणसे त्यांचे जन्मदाते नव्हती.