न खाण्याचं सफरचंद

किंग्स्टन ब्लॅक जातीचं सफरचंद दिसायला देखणं असतं. लहानसं, गडद लाल, काही बाजूंनी थेट जांभळं. चावा घेतला की आधी आंबट लागतं, मग कडवट, आणि पुढच्याच क्षणी जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू असं सगळं आखडून येतं. काजूचं बोंडू खाल्ल्यावर होतं, तसंच. दुसरा घास कोणी घेत नाही. तरीही ऑस्ट्रेलियात, म्हणजे टास्मानियातल्या ह्यूऑन खोऱ्यात, व्हिक्टोरियातल्या हारकोर्टमध्ये, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज परिसरात शेतकरी अशी सफरचंदं मुद्दाम, जीव लावून वाढवतात. ती खायची नसतातच. त्यांची सायडर करायची असते.

आपल्याकडे सायडर म्हटलं की व्हिनेगरची बाटली आठवते. ते व्हिनेगर ही पुढची पायरी. सफरचंदाचा रस आंबून त्यातल्या साखरेचं अल्कोहोल झालं की ती सायडर. तिला हवा लागली आणि अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूंनी अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल केलं की व्हिनेगर. सायडर बिअरपेक्षा वाइनच्या जवळची आहे, कारण तिच्यात ना धान्य असतं, ना उकळणं. ऑस्ट्रेलियाच्या अन्नमानकांतही तिची व्याख्या फळांच्या वाइनमध्येच येते आणि तिच्यात नाशपातीचा रस २५ टक्क्यांपर्यंत चालतो.

आता त्या तुरटपणाकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. षड्रसांत आपण कषाय रसाला मानाचं स्थान दिलं, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्श अधिक आहे. टॅनिनचे रेणू लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात. लाळेचा निसरडेपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागू लागते. सफरचंदातली टॅनिनं मुख्यतः प्रोसायनिडिन नावाच्या साखळ्या असतात. दोन-चार कड्यांच्या आखूड साखळ्या कडू लागतात, लांब साखळ्या तुरट.

खाण्याच्या सफरचंदातून माणसाने हा गुण शतकानुशतकं वेचून बाहेर काढला. त्याला गोड, रसाळ, कुरकुरीत फळ हवं होतं. पण रस आंबतो तेव्हा साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडवा निघून गेल्यावर रसात उरतं काय? आम्ल आणि टॅनिन. टॅनिन नसेल तर फक्त आम्ल, म्हणजे पातळ, आंबट, पाण्यासारखं पेय. सायडरला जे अंग येतं, घोट गिळल्यानंतरही तोंडात काही रेंगाळतं, ते तुरट फळामुळे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात बी. टी. पी. बार्कर यांनी १९०३ मध्ये सायडरच्या सफरचंदांचं जे वर्गीकरण केलं, ते आजही वापरात आहे. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांहून जास्त असेल तर फळ आंबट, टॅनिन ०.२ टक्क्यांहून जास्त असेल तर कडू. त्यावरून चार गट पडतात: गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट. डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल या कडूगोड जाती. किंग्स्टन ब्लॅक कडूआंबट, आणि तिचा एकटीचा रसही समतोल सायडर देतो म्हणून तिचं एवढं कौतुक. एरवी सायडर बहुधा मिश्रणातूनच जमते.

ऑस्ट्रेलियाकडे या चारांपैकी गोड आणि आंबट या दोन गटांची कधीच उणीव नव्हती. बाउंटी जहाजाचा कप्तान विल्यम ब्लाय १७८८ मध्ये टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर थांबला, तेव्हा तिथे सफरचंदाची रोपं लावली गेली. पुढे टास्मानिया ‘सफरचंदांचं बेट’ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. सिडनीच्या ईस्टवुडमध्ये मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या बागेत १८६८च्या सुमारास एक रोप आपोआप उगवलं, त्याचं फळ म्हणजे हिरवंगार ग्रॅनी स्मिथ. पण या बागा होत्या खाण्याच्या फळांच्या, जहाजाने इंग्लंडला पाठवायच्या मालाच्या. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं आणि ती बाजारपेठ जवळजवळ हातची गेली. त्या दशकात सरकारने झाडं उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. पिढ्यांनी वाढवलेली बाग स्वतःच्या हाताने उपटण्याची ती वेळ वाचतानाही जड वाटते. तगून राहिलेल्या बागांना अलीकडे सायडरने आधार दिला, पण हाताशी असलेलं फळ गोड आणि आंबट याच दोन गटांतलं होतं. तुरट फळ नव्याने लावावं लागलं.

आणि ते लावणं सोपं नाही. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, रायवळ येतो, हे कोकणात पोराटोरांनाही माहीत असतं. सफरचंदाचं अगदी तसंच. त्याच्या फुलाला बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून प्रत्येक बी नवा पत्ता पिसून येते. जात टिकवायची तर कलमच हवं. कलमाची काडी परदेशातून आणायची, तर ऑस्ट्रेलियाचं कडक विलगीकरण आडवं येतं. ‘फायर ब्लाइट’ हा सफरचंदाची झाडं जाळल्यासारखी काळी पाडणारा जिवाणूजन्य रोग १९९७ मध्ये मेलबर्नच्या वनस्पती उद्यानात सापडला आणि तो तिथल्या तिथे निपटला गेला. असं काही पुन्हा आत शिरू नये म्हणून ही कडक तपासणी, आणि त्यामुळे नवी जात बागेत पोचायला वर्षं जातात. ही सक्ती मला योग्यच वाटते.

खुंटाची, म्हणजे कलम ज्यावर बांधतात त्या रोपाची, गोष्ट तर आणखी रंजक. लोकरी माव्याने आपल्याकडच्या ऊसवाल्यांना रडवलं होतं. त्याचाच एक भाऊबंद सफरचंदाच्या फांद्यांवर आणि मुळांवर गाठी आणतो. नॉर्दर्न स्पाय या अमेरिकन जातीला तो फारसा शिवत नाही. इंग्लंडमधल्या मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी तिचा संकर करून माव्याला दाद न देणारे खुंट तयार केले. ते करताना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बागा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यातला एमएम १०६ हा खुंट आजही सर्रास वापरला जातो.

झाड लागलं तरी ते दरवर्षी फळेल असं नाही. सायडरच्या अनेक जाती हापूससारख्याच वर्षाआड फळतात. वाढत्या फळांतल्या बियांमधून जिबरेलिन हे संप्रेरक बाहेर पडतं आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे कोंब तयार होऊ देत नाही. हे कोंब आदल्या उन्हाळ्यातच धरतात, म्हणून उपाय एकच: फळधारणा झाल्यावर लगेच विरळणी. त्यात ऑस्ट्रेलियाचं ऊन. फळाच्या सालीचं तापमान ४६ अंशांच्या वर गेलं की ती करपू लागते. इंग्लंडच्या ढगाळ सॉमरसेटमधून आलेल्या जातींना याची सवय नाही. थंडी मात्र हवीच. अनेक जातींना कळ्या नीट उमलण्यासाठी हिवाळ्यात ७ अंशांखालचे सुमारे हजार तास लागतात. ४३ अंश दक्षिणेला असलेल्या ह्यूऑन खोऱ्यात ते मिळतात.

तोडणी होते मार्च ते मे, म्हणजे तिकडच्या शरद ऋतूत. पक्व फळ अनेकदा झाड हलवून पाडतात. फळ कापून त्यावर आयोडिन लावलं की स्टार्च उरलेला भाग निळाकाळा पडतो. डाग दिसला तर फळं आणखी काही दिवस रचून ठेवायची, म्हणजे स्टार्चची साखर होते. मऊ पडलेलं चालतं, सडलेलं नाही. निळ्या बुरशीतून पॅट्युलिन हे विष रसात उतरतं. मग फळं भरडून चोथा दाबायचा. भरड हवेत ठेवली तर तपकिरी होते आणि काही टॅनिन चोथ्यालाच चिकटून राहतं. तुरटपणा किती ठेवायचा, हे करणाऱ्याच्या हातात येतं ते इथे.

रसाचं पहिलं माप साखरेचं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे ११० ग्रॅमच्या रसातून साडेसहा टक्क्यांच्या आसपास. दुसरं माप पीएचचं (तो जितका कमी, तितका रस आंबट), आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. नको असलेल्या जिवाणूंना रोखण्यासाठी घालतात ते सल्फाइट आंबट रसात जोमाने काम करतं. पीएच ३.३ वरून ३.८ वर गेला, तर तेवढ्याच परिणामासाठी ते जवळपास तिप्पट लागतं. कडूगोड फळांत आम्ल कमी, म्हणून त्यांचा रस या बाबतीत लंगडा असतो. अशा वेळी ग्रॅनी स्मिथ मदतीला येतं.

सालीवरची रानटी यीस्टं आधी कामाला लागतात आणि थोडं अल्कोहोल साठताच मरतात. मग सॅकरोमायसिस यीस्ट ताबा घेतं. रसात नायट्रोजन कमी असल्याने ते सावकाश वाढतं, वर तोंडावर टास्मानियाचा हिवाळा. घाईत आंबलेल्या सायडरमधून सुगंध वायूबरोबर उडून जातो, म्हणून हा संथपणा सायडरवाल्यांना प्रिय असतो. ऑक्टोबरात हवा तापते, बागेत मोहोर येतो आणि पिंपातली शांत झालेली सायडर पुन्हा बुडबुडू लागते. झाडं फुलली की सायडर जागी होते, अशी इंग्लंडमधली जुनी समजूत. प्रत्यक्षात उबेमुळे जिवाणू जागे होतात आणि तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. निसटणारा कार्बन डायऑक्साइड तेच बुडबुडे उठवतो.

या सगळ्यात मला सर्वांत ओढ वाटते ती रस्त्याकडेच्या रायवळ सफरचंदांची. कोणी खाऊन टाकलेल्या गाभ्यातून उगवलेली ही झाडं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या भागात जागोजाग दिसतात. बागाईतदारांचा त्यांच्यावर राग असतो, कारण फळ पोखरणारी कॉडलिंग अळी तिथे पोसली जाते. पण डॅबिनेट हे झाड इंग्लंडमध्ये कुंपणात सापडलं होतं आणि यार्लिंग्टन मिल गिरणीच्या भिंतीत उगवलेलं सापडलं, असं सांगतात. म्हणून काही सायडरवाले शरदात गाडी थांबवून अशा झाडांची फळं चावून बघतात. बहुतेक नुसतीच आंबट निघतात. एखादं मात्र तोंड आखडून टाकतं. त्या झाडाच्या खोडाला फीत बांधायची, आणि जुलैत पानं गळलेली असताना काडी कापायला परत यायचं.