काकाचा ‘ताता’ झाला, तर?

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पाच वर्षांची एक मराठी मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. बाईंनी अंगठ्याचं चित्र दाखवलं, तर ती ‘थम’ म्हणाली, पण थाळीतला ‘थ’ लावून. ‘व्हॅन’ आणि ‘वॅगन’ यांतला व तिने एकसारखाच उच्चारला. वाक्य केलं तेही ‘डॉग इज ऑन बेड’, म्हणजे दोन्हीकडचे ‘द’ गायब. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली: हिला स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्टला, म्हणजे वाचा आणि भाषेच्या तज्ज्ञाला, दाखवू या.

न्यू जर्सीच्या शाळांमध्ये हे अधिकृत पदनामच आहे. त्यासाठी नुसती पदवी पुरत नाही, स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत मास्टर्स करावं लागतं. साधारण दोन वर्षांच्या अभ्यासात स्वरयंत्र, जिभेचे स्नायू, कान, मेंदू, तोतरेपणा हे सगळं येतं, आणि चक्क गिळणंसुद्धा. शाळेत गिळण्याचं काय काम, असं वाटेल. पण घास पुढे ढकलणारी जीभ आणि ‘ल’ म्हणणारी जीभ एकच. ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या 1925 साली स्थापन झालेल्या, या तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र हवं असेल, तर 400 तासांचा अनुभव लागतो. त्यातले 25 तास नुसतं बघायचं आणि 375 तास स्वतः काम करायचं. शिवाय परीक्षा, आणि मास्टर्सनंतर अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान 36 आठवडे उमेदवारी.

पण माझ्या मते खरी तालीम होते ती कानाची. ऐकलेला प्रत्येक ध्वनी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत जसाच्या तसा उतरवून काढायचा. मुलाला काय म्हणायचं होतं ते नाही, तोंडातून काय निघालं ते. आपण बोलतो तसंच लिहितो, असा आपला एक गोड समज असतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ म्हणून पाहा. अक्षर एकच, पण जीभ वेगवेगळ्या जागी टेकते. इंग्रजीचंही तसंच. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पिन’ म्हणा, अगदी अमेरिकन ढंगात, पट्टी फडफडेल. ‘स्पिन’ म्हटलं की जवळपास गप्प. अमेरिकन विद्यार्थ्याला हे दोन वेगळे ‘प’ आहेत याचा पत्ताच नसतो. ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तो फरक पटकन पकडता येतो.

आता पुन्हा त्या मुलीकडे. ‘थम’मधल्या इंग्रजी ध्वनीसाठी जिभेचं टोक दातांपाशी आणून फटीतून हवा सोडावी लागते. मराठीत असा ध्वनी नाही, म्हणून तिने जवळचा ‘थ’ उचलला. आपला ‘व’ इंग्रजीच्या दोन व-कारांच्या मधोमध बसतो. आणि ‘द’सारखं उपपद मराठीत नाहीच. म्हणजे बाईंना दिसलेल्या तिन्ही ‘चुका’ निव्वळ मराठी आहेत. याला या क्षेत्रात फरक म्हणतात, दोष नव्हे.

पण हीच मुलगी घरी काकाला ‘ताता’, गाडीला ‘दाडी’ आणि शाळेत ‘कार’ला ‘टार’ म्हणत असेल तर? जिभेचा मागचा भाग उचलायच्या जागी पुढचाच उचलला जातो आहे. दोन वर्षांच्या पोराचा ‘ताता’ ऐकून घरदार खूश होतं, आणि त्यात गैर काही नाही. ही सवय बहुतेक मुलांची चौथ्या वर्षापर्यंत सुटते. पाचव्या वर्षी, तेही दोन्ही भाषांत दिसली, तर मात्र लक्ष द्यायला हवं. दोष असेल तर तो सहसा एकाच भाषेपुरता राहत नाही.

म्हणूनच अमेरिकेतला कायदा सांगतो की तपासणी शक्य तोवर मुलाच्या भाषेत करा. यामागे कटू अनुभव आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. ‘डायना’ या नावाने ओळखला जाणारा तो खटला 1970 मध्ये तडजोडीने मिटला. त्या मुलांची चाचणी त्यांच्या भाषेत पुन्हा घेतली, तेव्हा बहुतेकांना तिथे बसवायचं काही कारणच नव्हतं असं दिसलं.

इंग्रजी चाचण्यांमध्ये सरासरी गुण 100 धरतात, पण ती सरासरी प्रामुख्याने इंग्रजीत वाढलेल्या मुलांवरून काढलेली. त्यामुळे आता या तज्ज्ञांच्या अभ्यासक्रमात आणखी एक पद्धत शिकवतात: आधी तपासा, मग थोडा वेळ शिकवा, मग पुन्हा तपासा. नवा शब्द मूल किती झटकन उचलतं ते पाहायचं. पन्नासेक मुलं एकट्या तज्ज्ञाच्या गळ्यात असताना एवढा वेळ काढायचा कुठून, हा प्रश्न उरतोच.

‘घरी मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो’ हा सल्ला अजूनही कुठल्याही मराठी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत फुकट मिळतो. त्याला आधार नाही. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, आणि अडखळत्या इंग्रजीत बोलणाऱ्या आईकडून मुलाला मिळायची ती भाषा उलट कमीच मिळते.

चांगला तज्ज्ञ या मुलीच्या आईला व्याकरण विचारत नाही. तो विचारतो, भावंडांच्या मानाने ही उशिरा बोलायला लागली का? आणि पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या आजीला हिचं सगळं कळतं, की दर दोन वाक्यांनी आजी तुम्हालाच विचारते, ‘काय म्हणाली गं ती?’