‘वेगळी चूल’ : एका घरगुती शब्दाची पार्श्वभूमी

‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’वरून आला. गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा होते अशा ज्या पाच जागा मनुस्मृतीने सांगितल्या आहेत, त्यांत जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांच्याही आधी चुल्लीचे नाव येते. मराठीत मात्र या शब्दाने साधनापेक्षा त्या साधनावर शिजलेले अन्न एकत्र खाणाऱ्या माणसांचा अर्थ अधिक धरला. जेवणाचे निमंत्रण देताना चुलीला अक्षत दिली, की घरातील लहानथोर सगळ्यांनाच बोलावणे झाले, असा पूर्वीचा संकेत होता.

‘चुलत’ या शब्दाचा उगम अनेकजण चुलीत शोधतात: चूल वेगळी, म्हणून भाऊ चुलत. हे पटण्यासारखे वाटले तरी खरे नाही. त्यातील ‘चुल्ल’ म्हणजे धाकटा. जैन ग्रंथांतील ‘चुल्लहिमवंत’ हा पर्वत जसा लहान हिमवंत, तसा चुलता हा वडिलांचा धाकटा भाऊ. पालीतील ‘चूळपिता’ याच कुळातला.

खरा गुंता ‘वेगळी चूल’ या प्रयोगात आहे. धाकट्या सुनेने ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून त्यावर पातेले चढवले, की गावाच्या लेखी घर फुटले. मग शेत एकाच सातबाऱ्यावर असो, बैलजोडी सामाईक असो वा देवघर एक असो. कायद्याने हा समज कधी पूर्णपणे मान्य केला नाही. एकत्र कुटुंबाची ओळख अन्न, पूजा आणि मालमत्ता या तिन्हींच्या एकत्रपणावरून सांगितली जाते. तरीही केवळ वेगळे राहणे व वेगळे शिजवणे हा वाटणीचा निर्णायक पुरावा नव्हे, विभक्त होण्याचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. शेतजमिनीच्या वाटणीसाठी जमीन महसूल संहितेचे, म्हणजे 1966 च्या अधिनियमाचे, कलम 85 स्वतंत्रपणे आहेच.

जनगणनेने याच्या उलट बाजू धरली. तिच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे. त्यांत रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. एकाच छपराखाली दोन भाऊ वेगळे शिजवत असतील, तर न्यायालयाच्या दृष्टीने ते एकत्र कुटुंब असू शकते, आणि प्रगणकाच्या वहीत मात्र दोन कुटुंबे होतात. मोजणीपुरती ही व्याख्या सोयीची आहे, हे मान्य केले तरी महिनाभर थोरल्याकडे आणि महिनाभर धाकट्याकडे जेवणाऱ्या आईला तिने नेमके कोणत्या चुलीवर बसवावे, हा प्रश्न उरतोच. विभक्त शिधापत्रिका मागणाऱ्यालाही आपण खरोखर वेगळे शिजवतो, हे दाखवावे लागते, आणि गावकीने दिलेला अर्थ अशा रीतीने सरकारदरबारी पोचतो. राजकीय बातम्यांत पक्षातून फुटणारा गट ‘वेगळी चूल मांडतो’, तो याच अर्थाचा विस्तार. तेथे मालमत्तेचा, म्हणजे चिन्हाचा आणि कार्यालयाचा, वाद नंतर न्यायालयात जातो, हे साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे.

साधन म्हणून चुलीकडे सरकारचे लक्ष गेले ते धुरामुळे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 च्या सुमारास सुरू होऊन 2002 मध्ये थांबला. बिनधुराची चूल आली, तरी एकाच जाळावर पुढे भाकरी आणि शेजारच्या वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडावर, आमटी, ही जुनी सोय ज्या बाईच्या हाताला सवयीची होती, त्या सोयीची मोडतोड करणारी रचना टिकली नाही, यात नवल नाही. 1 मे 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस दिला आणि पुढे राज्यात ‘चूलमुक्त, धूरमुक्त महाराष्ट्र’ ही घोषणा आली. त्याच सुमारास महामार्गांवरील ढाब्यांनी ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या लावून त्याच धुराची चव विकायला काढली. घरांत मात्र धाकटीने माडीवर दोन बर्नरची शेगडी आणि स्वतंत्र सिलिंडर आणला, तरी शेजारीपाजारी म्हणतात ते हेच, की तिने चूल वेगळी केली.