गोळीचा डेंगा आणि गुलाबी अँटासिड

मुंबईत साचलेल्या पाण्यातून घरी आलं, की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) धास्तीने डॉक्टर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून देतात. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ. मग मावशी सांगतात, "अँटिबायोटिक गरम पडलं. वर दोन चमचे ते गुलाबी औषध घे."

गरम-बिरम काही पडत नाही. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं, की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथेच विरघळून आतलं अस्तर भाजते. खरी गंमत त्या दोन चमच्यांत आहे.

गुलाबी औषध म्हणजे आम्ल शमवणारं अँटासिड. त्यात बहुधा मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं असतात. जठरातल्या आम्लात धातूचे आयन सुटे होतात. एकावर दोन धन प्रभार, दुसऱ्यावर तीन. डॉक्सीच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू असे शेजारी बसलेत, की ते दोन्ही बाजूंनी धातूला पकडतात. अशा पकडीला 1920 साली मॉर्गन आणि ड्रू यांनी 'कीलेट' नाव दिलं, खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून. कुर्लीच्या डेंग्यात ज्याचं बोट सापडलंय, त्याला जास्त सांगायला नको! धातू धरून बसलेला रेणू आतड्याची भिंत सहजी ओलांडत नाही, शौचावाटे निघून जातो. लहानपणी टेट्रासायक्लिन घेतलेल्यांचे दात पिवळे पडतात, तीही हीच पकड. तिथे धातू दातातलं कॅल्शियम.

सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तेच. एका चाचणीत गोळीच्या 5 मिनिटं आधी असं अँटासिड दिलं, तर नेहमीच्या जेमतेम 15 टक्के औषध रक्तात पोचलं. 2 तास आधी दिलं तरी 23 टक्केच. उलट गोळीनंतर 2 तासांनी दिलं तेव्हा फरक पडला नाही, कारण तोवर सिप्रो आतड्यातून पार झालं होतं. म्हणून सिप्रो अँटासिडच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायला सांगतात.

जठरात आम्ल तयार होणंच कमी करणाऱ्या पँटोप्राझोलमध्ये असा धातू नाही, त्यामुळे ही पकडही नाही. पण सेफपोडॉक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळीला विरघळायला आम्ल लागतं. आम्ल घटलं की तिचं शोषणही घटतं.

डॉक्सी मात्र सिप्रोपेक्षा चिवट गिऱ्हाईक. रक्तातलं डॉक्सी पुन्हा आतड्यात झिरपतं आणि तिथे धातू असला तर त्याला धरून बाहेर पडतं. शिरेतून दिलेलं डॉक्सीसुद्धा तोंडाने घेतलेल्या अँटासिडमुळे शरीरातून लवकर निघून गेल्याचं मोजलं गेलंय.